गाळलेले पाच फोटो

१

स्टुडिओचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात खालून एक हात आत आला. हातात पाकीट.

"काकू, हे तुमच्याकडून गेलंय का?"

आवाज ओळखीचा होता. दोन आठवड्यांपूर्वी जिच्या साखरपुड्याचे फोटो काढले, ती दातांची डॉक्टर. लग्न नऊ दिवसांवर आलेलं. नवऱ्या मुली सकाळी सकाळी येतात त्या अल्बममध्ये आत्या जाड दिसते म्हणून तक्रार करायला. मी शटर वर ढकललं आणि तिचा चेहरा बघून तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. रात्रभर रडली होती पोरगी.

पाकिटात एकच फोटो. डोळे मिटलेली ती, हनुवटी एका पुरुषाच्या खांद्यावर, डावा हात त्याच्या मानेशी. पुरुष पाठमोरा. गडद निळा कोट, कॉलर, खांदा, बस. डोकं फोटोच्या बाहेर कापलेलं. मागच्या बाजूला आमच्या स्टुडिओचा गोल शिक्का.

"माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या ऑफिसात कोणीतरी ठेवून गेलं. हा माणूस कोण ते रविवारपर्यंत सांग, म्हणाला. रविवारी दोन्हीकडची मोठी माणसं बसणार आहेत. नाही सांगितलं तर लग्न नाही."

"मग? कोण आहे?"

"कोणीच नाही हो! मी असं केलेलंच नाही. पण कपडे त्याच दिवशीचे, चेहरा माझाच. काल रात्री वाटायला लागलं, मीच खोटं बोलतेय की काय."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि भिंग काढलं. या धंद्यात मला सगळे घार म्हणतात. समोरासमोर कोणी घारताई म्हणतं, पाठीमागे नुसतंच घार. स्टेजवरचे फोटो आमचे हे काढतात. "हनुवटी खाली, इकडे बघा, आता डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा." म्हणजे पापणी लवत नाही, ही त्यांची बावीस वर्षांची युक्ती. मी कॅन्डिडवाली. मी कोणाला काही म्हणजे काही सांगत नाही. कोपऱ्यात उभी राहते, लोक मला विसरले की बोट दाबते. नवरीचा बाप एकटाच चपला शोधत असतो, नवरदेव आईच्या पदराला हात पुसतो, असलं काहीबाही. हल्ली लोकांना तेच हवं असतं.

आधी मी जोड शोधला. जोड नव्हता. दोन फोटो चिकटवलेले नव्हते, हा एकाच वेळी, एकाच कॅमेऱ्यातून निघालेला खरा फोटो होता. मग उजवीकडे वर एक फिकट ठिपका दिसला. माझ्या कॅमेऱ्याच्या आत धुळीचा एक कण अडकलाय. तो प्रत्येक फोटोत तिथेच उमटतो. माझी धाकटी बहीण स्टुडिओत फोटो निवडायचं आणि छापायचं काम करते, ती तो प्रत्येक फोटोतून न चुकता पुसते आणि मला न चुकता टोमणा मारते.

म्हणजे हा फोटो मीच काढला होता. आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

२

"त्याला एकाचाच संशय आहे," ती म्हणाली. "माझा कॉलेजचा मित्र. तो त्या दिवशी निळ्या कोटात होता."

मित्राचं चष्म्याचं दुकान. मी फोटो काउंटरवर ठेवला तसा त्याचा स्वतःचाच चष्मा घसरला.

"मी नाही हो हा! आईशप्पथ! माझं स्वतःचं लग्न झालंय, घरी कळलं तर मला दुकानातच झोपावं लागेल."

"लग्न झालेल्यांना खांदे नसतात का?"

"ताई, मी पोचलोच एक वाजता. गाडी पंक्चर झाली होती. अंगठी घालताना नव्हतोच मी, त्यावरून ती माझ्याशी भांडली."

भांडली ते खरं होतं, माझ्याकडे फोटो होता त्याचा. तो दारातून आत येतोय आणि ती डावा हात नाचवत त्याला अंगठी दाखवतेय. फोनवर तो काढून बघता बघता मी थबकले. पाकिटातला फोटो पुन्हा काढला. डावा हात मानेशी, पाची बोटं स्पष्ट. अंगठी नाही.

अंगठी बारा वाजता घातली होती. साखरपुड्याच्या दिवशी एकदा घातलेली अंगठी कोणती मुलगी काढून ठेवते? म्हणजे हा फोटो बाराच्या आधीचा. तेव्हा हा गडी रस्त्यावर चाक बदलत होता.

"सुटलात," मी म्हटलं.

"पाणी देऊ का?" तो म्हणाला, आणि ते स्वतःच प्यायला.

परतताना डोक्यात एकच चक्र. मुलाकडची मंडळी आणि पाहुणे ऐन बाराला, मुहूर्तावरच पोचले होते; त्याआधी हॉलवर कोणी नव्हतंच. मुलगी, तिचे आईवडील, हॉलचा मॅनेजर आणि आम्ही नवराबायको. पण फोटो काढणं वेगळं आणि तो निवडून, कापून, छापून, शिक्का मारून पाठवणं वेगळं. छापायचं मशीन कोण चालवतं? धाकटी. शिक्का कोणाच्या खणात असतो? धाकटीच्या. आणि महिन्यापूर्वी सुट्टीवरून माझ्याशी कडाक्याचं भांडण कोणाचं झालं होतं? धाकटीचंच.

ती मशीनपाशी उभी होती. मी फोटो तिच्यापुढे आपटला.

"मला खाली बघायला लावायचं होतं ना? घे आता मिरवून! त्या मुलीचं लग्न मोडायला निघालं, कळतंय का तुला?"

तिने फोटो उचलला, पाहिला, परत ठेवला.

"ताई, तू विचारत नाहीयेस. सांगतेयस."

"विचारायचं काय त्यात? मशीन तुझं, शिक्का तुझा!"

"बरं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा. पर्स उचलली आणि गेली. मी हाकसुद्धा मारली नाही.

आतल्या खोलीतून हे बाहेर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोललीस ते बरं केलंस," म्हणाले. "घरचं माणूस म्हणून किती दिवस पाठीशी घालणार?"

३

शनिवारी सकाळी मी हॉलवर गेले. बहिणीने केलंय अशी खात्री होती, पण मुलीला हवं होतं त्या माणसाचं नाव. ते माझ्याकडे नव्हतं.

मॅनेजर खुर्च्या मोजत होता. गडद निळा कोट, खिशाला पेन. मी दारातूनच त्याच्या खांद्याकडे बघितलं. तीच शिवण, तीच जरा वर उचललेली कॉलर.

"कोट छान आहे," मी म्हटलं.

"हॉलकडून मिळतो. दुसरं काय देतात!"

मी फोटो पुढे केला. त्याने हात पुसून घेतला आणि हसत सुटला. "कोट माझाच आहे की! ही बघा, कॉलरीखाली इस्त्रीने भाजल्याची खूण. बायकोची कृपा."

"म्हणजे हे तुम्ही?"

हसू पटकन मावळलं. "काय बोलताय बाई? मुलीसारखी ती माझ्या. त्या दिवशी सकाळी कोट माझ्या अंगावर नव्हताच."

"मग कोणाच्या होता?"

तो माझ्याकडे चमत्कारिक बघायला लागला. मी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असावं.

"तुमच्याच साहेबांच्या. एसी फुल होता, बिचारे कुडकुडत होते. मीच म्हटलं, पाहुणे येईपर्यंत घाला. तुम्ही नाही का पाहिलंत?"

४

नाही पाहिलं. बावीस वर्षं संसार केला आणि परका कोट घातल्यावर नवऱ्याची पाठ मला ओळखू आली नाही. घार म्हणे!

रिकाम्या हॉलच्या मागच्या टोकाला जाऊन मी खुर्चीत बसले आणि स्टेजकडे बघत राहिले. हळूहळू एकेक जागेवर बसत गेलं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला मी इथेच उभी होते, लांबची लेन्स बरोबर चालते का ते बघत. तेव्हाचे फोटो कोणी लक्ष देऊन काढत नाही. समोर जे असेल त्यावर चार-पाच वेळा बोट दाबायचं. समोर हे पाठमोरे उभे, हातात प्रकाश मोजायचं मीटर. त्यांच्या पुढे, चांगली आठ फुटांवर, ती मुलगी. कानातलं नीट करत होती म्हणून हात वर. ह्यांनी सांगितलं, डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा. तिने मिटले.

लांबच्या लेन्समधून मागचं-पुढचं अंतर चपटं होतं. आठ फुटांवरची हनुवटी खांद्यावर येऊन बसते. कानाशी असलेला हात दुसऱ्याच्या मानेशी दिसतो. मुलीला आठवणार काय, कपाळ? तिने कोणाला हात लावलाच नव्हता, आणि डोळेही मिटलेले होते.

फोटोत तिच्या भुवया किंचित वर उचललेल्या होत्या. विसावलेल्या माणसाच्या भुवया खाली येतात. वर राहतात त्या फक्त वाट बघणाऱ्याच्या. इतकी साधी गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती.

पण म्हणून पाठवला कोणी हे ठरत नव्हतं. स्टुडिओत आले. धाकटीच्या टेबलावर तिची कामाची वही तशीच पडली होती. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर तिचं बारीक अक्षर: 'ताईच्या कॅमेऱ्याचे ३ ते ७ नंबर नाहीत. भाऊजींना विचारलं. म्हणाले, कॅमेरा कधी कधी नंबर गाळतो.'

माझा कॅमेरा नंबर गाळत नाही. कॅमेऱ्यातून फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचं काम ह्यांचं. म्हणजे धाकटीपर्यंत ते पाच फोटो पोचलेच नव्हते. आणि पोचले असते तर? तिच्या हातून तो धुळीचा ठिपका न पुसता एकही फोटो गेलेला नाही, चार वर्षांत नाही. पाकिटातल्या फोटोवर ठिपका होता. पहिल्याच सकाळी भिंगाखाली मी तो पाहिला होता, आणि तरी जाऊन तिच्यावर भुंकले.

आणखी एक. ज्याला मुलीची बदनामी करायची असेल तो स्टुडिओचा शिक्का कशाला मारेल? तो स्वतःचा माग लपवेल. शिक्का मारला तो यासाठी की त्या लोकांनी थेट आमच्या दारात यावं. नेम मुलीवर नव्हताच. माझ्यावर होता.

माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. ह्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात एकच. दुसऱ्या कार्डाची त्यांनी कधी चौकशीच केली नव्हती, माझ्या कॅमेऱ्याला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. उतरवताना लावलेलं कार्ड त्यांनी साफ केलं होतं. दुसरं कप्प्यातच होतं. लावलं. तीन, चार, पाच, सहा, सात. पाचव्यात सगळं होतं: ह्यांचं टक्कल, हातातलं मीटर, आणि मधली आठ फूट जमीन.

"अहो," मी हाक मारली. "जरा इकडे या. नंबर गाळणारा कॅमेरा बघून जा."

ते आले. पडद्याकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. नाही म्हणाले नाहीत, तेवढा मान राखला माझा.

"का?" मी विचारलं.

"त्या दिवशी मुलाच्या मामाने स्टेजवर काय सांगितलं माहितीये? काका, तुम्ही बाजूला व्हा, बाईंच्या फोटोत येताय." ते जमिनीकडे बघून बोलत होते. "बावीस वर्षं लोकांना इकडे बघा म्हणतोय मी. आता कोणी बघत नाही. तुझे फोटो भिंतीवर, माझे पाकिटात. मला एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं की तुझं ते कॅन्डिडसुद्धा खोटं बोलतं. वाटलं, ते लोक इथे भांडायला येतील, तुझं नाव जरा खाली येईल, मग पूर्वीसारखं..."

"आणि ती मुलगी?"

"लग्नापर्यंत जाईल असं नव्हतं गं वाटलं. मी पुढे होऊन सांगणारच होतो."

"कधी? शुक्रवारी ती इथे बसून रडत होती, तुम्ही आत होता. धाकटीला मी वाट्टेल ते बोलले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बोललीस ते बरं केलंस!"

  संताप होता, पण त्याच्या खाली नुसतं दुखत होतं. परक्याने केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. ह्यांचं काय धरू?

"उद्या नऊ वाजता हॉलवर यायचं," मी म्हटलं. "मॅनेजरकडून तोच कोट मागून घालायचा."

५

मोठी माणसं अकराला बसणार होती. त्याआधी मी फक्त दोघांना बोलावलं, मुलीला आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला. तो आला तो हाताची घडी घालूनच. चेहरा असा की आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लुबाडलंय.

मी फार बोलले नाही. ह्यांना स्टेजपुढे पाठमोरं उभं केलं, मुलीला त्यांच्यासमोर आठ फुटांवर. मधलं अंतर मुलाला स्वतःच्या पावलांनी मोजायला लावलं. त्याने मोजलं. मग त्याला माझ्या शेजारी उभं केलं, हॉलच्या मागच्या टोकाला.

"अहो, आता तुमचं ते म्हणा," मी ओरडले.

हे दोनदा खाकरले. "डोळे मिटा. तीन म्हटलं की उघडा."

मुलीने हात कानाशी नेला, डोळे मिटले. मी बोट दाबलं आणि कॅमेरा मुलाच्या हातात दिला.

तो बराच वेळ त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिला. मग पाकिटातला फोटो शेजारी धरला. तोच खांदा, तीच हनुवटी, मानेशी तोच हात. त्याने मान वर करून स्टेजकडे पाहिलं, तिथे ती दोघं एकमेकांपासून आठ फूट लांब उभी होती.

"आणि पाठवला कोणी?" त्याने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने," मी म्हटलं. हे वाक्य घरून पाठ करून आले होते. "भांडण आमच्या दोघांतलं. तुम्ही उगाच मध्ये सापडलात. मोठ्यांना काय सांगायचं ते मी सांगते, पोलिसांत जायचं असेल तर तिथेही येते."

ह्यांनी कोट काढून हातावर घेतला होता. मुलीजवळ जाऊन हात जोडले. तिने मान दुसरीकडे वळवली.

मुलाने मात्र मोठा श्वास सोडला. एकदम मोकळा झाला, हसलासुद्धा. "सुटलो बाबा! चार दिवस झोप नाही मला." तिच्यापाशी गेला. "चल, झालं गेलं विसरून जाऊ. आता माझी खात्री पटली."

"तुझी पटली," ती म्हणाली. "माझी गेली."

"म्हणजे?"

"चार दिवस मी सांगत होते, मी असं केलेलं नाही. तू एकदाही म्हणाला नाहीस, बरं, मग काय झालं असेल ते आपण शोधू. तू मला विचारलंसच नाही. नाव सांग म्हणालास."

"अगं, फोटो समोर होता! माझ्या जागी कोणीही..."

"हो ना. समोर मीपण होते."

तिने अंगठी काढली. जरा घट्ट होती, ओढायला लागली. तो घेईना, म्हणून तिने ती स्टेजच्या कडेवर ठेवली. रडली नाही. रडून झालं होतं तिचं, शुक्रवारी माझ्या खुर्चीत. मला मात्र तिथेच हुंदका आला. हे लग्न वाचवायला मी तीन दिवस धावले, खरं काय ते शोधूनही काढलं, आणि वाचलं काहीच नाही.

"काकू, तुम्ही का रडताय?" तिने मलाच जवळ घेतलं. "बरं झालं. लग्नानंतर कळण्यापेक्षा बरं झालं."

६

बाहेर पायऱ्यांवर हे थांबले होते.

"घरी जायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जा."

"तू कधी येशील?"

"माहीत नाही. येईन का तेही माहीत नाही."

काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मी पायऱ्या उतरले. त्या मुलीचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. तू मला विचारलंसच नाही. त्या मुलाला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या होत्या. आणि शुक्रवारी मी स्वतः काय केलं होतं? त्याच्यापुढे निदान एक फोटो तरी होता. माझ्यापुढे मशीन होतं, खण होता आणि महिन्याभरापूर्वीचं एक भांडण. समोर माझी बहीण उभी होती, चार वर्षं माझ्या चुका पुसणारी.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली. आत भांड्यांचा आवाज थांबला. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. आत ये म्हणाली नाही.

"तू नव्हतीस," मी म्हटलं. "ह्यांनी केलं. तुझ्या वहीत सापडलं."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "नंबरांबद्दल विचारलं तेव्हा भाऊजी माझ्याकडे न बघता बोलले."

"मग परवा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस?"

 हॉलवर अर्धवट गिळलेलं रडणं तिथे जिन्यात सुरू झालं. तोंडावर हात दाबूनही आवाज थांबेना. शेजारचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं.

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं. "चुकले गं."

धाकटी मग दारातून बाजूला झाली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा भांडी घासायला लागली.

"बस," ती म्हणाली. "पण माझ्याशी आत्ता बोलू नकोस."

मी बसले.